१४ एप्रिल १९४४ : मालाची नोंद झाली, माणसांची कधी?

१९१७ सालची गोष्ट. युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागले. ते 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले आणि २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस पोहोचले. त्यांची पुस्तके मात्र दुसऱ्या बोटीने रवाना झाली होती. ती बोट शत्रूच्या टॉर्पेडोने बुडवली. अर्धपोटी राहून जमवलेला तो ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. पुढे थॉमस कुक कंपनीकडून भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले आणि त्या पैशांवर बाबासाहेबांची बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याची सोय झाली.

हा प्रसंग चळवळीतल्या घराघरांत ठाऊक आहे. आम्हीही तो लहानपणापासून ऐकत आलो. कायद्याच्या कामात पडल्यानंतर मात्र आमचे लक्ष त्यातल्या सहाशे रुपयांकडे गेले. ते का मिळाले? सामान कंपनीच्या हवाली केल्याची नोंद होती म्हणून. माल बुडाला, पण मालाचा कागद शिल्लक राहिला. कागद होता म्हणून दावा झाला आणि दावा झाला म्हणून भरपाई मिळाली.

आता प्रश्न असा की, युद्धकाळात बंदरात जो माणूस तो माल पाठीवरून वाहत होता, त्याचा कागद कोणाकडे होता? याचे उत्तर शोधायचे तर आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका तारखेकडे जावे लागते. ती तारीख म्हणजे १४ एप्रिल.

बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि मुंबई बंदर हे ब्रिटिशांच्या पूर्वेकडील युद्धाचे मोठे कोठार झाले होते. दोन दिवस आधी, १२ एप्रिलला, 'फोर्ट स्टिकिन' नावाची मालवाहू बोट व्हिक्टोरिया गोदीत लागली होती. इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे ती आली होती. तिच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. खोक्यांत बंद केलेली लढाऊ विमाने होती. रुपया सावरण्यासाठी पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यावर कराचीत कापसाच्या सुमारे ८७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक आणि भंगार असा माल चढवला गेला. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवू नये, हे समजायला नाविकशास्त्र शिकावे लागत नाही. बोटीच्या कप्तानालाही ते पसंत नव्हते. पण युद्धाची निकड होती आणि बोटींमध्ये जागा अपुरी होती. जे मिळेल ते भरा आणि पुढे चला, असा तो काळ होता.

भर दुपारी बोटीतून धूर दिसू लागला. आग आटोक्यात आली नाही. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या धक्क्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळत्या कापसाच्या गाठी आकाशातून मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर, वाडीबंदर या वस्त्यांवर कोसळल्या. डझनाहून अधिक बोटी नष्ट झाल्या. धान्याची गोदामे जळाली. बंगालमध्ये माणसे भुकेने मरून वर्षही झाले नव्हते, आणि इकडे हजारो टन धान्याची राख झाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तो योग्यच आहे. त्या जवानांना आमचे अभिवादन.

पण एकूण माणसे किती मेली? सुमारे ८०० पासून १३०० पर्यंत वेगवेगळे आकडे सांगितले जातात. म्हणजे पाचशे माणसांचा फरक! सोन्याच्या विटा १२४ होत्या, कापसाच्या गाठी ८७०० होत्या, हे आपण आज ऐंशी वर्षांनंतरही सांगू शकतो. एक वीट मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली, हेही नोंदले गेले. गोदीच्या गाळात पुढे अनेक वर्षांनी वीट सापडली, तेव्हा तिचीही बातमी झाली. विटा मोजल्या गेल्या, माणसे मात्र अंदाजाने सांगितली गेली. हा फरक निव्वळ निष्काळजीपणातून आलेला नाही. तो त्या काळच्या कामाच्या पद्धतीतच होता.

टोळीवाल्याची वही

मुंबई बंदरात माल चढवणारे-उतरवणारे बहुसंख्य मजूर कोणाच्या कायम नोकरीत नव्हते. बोट आली की काम, बोट गेली की उपास. मजूर आणणारा असे तो टोळीवाला किंवा मुकादम. मजुरी त्याच्या हातून मिळे आणि कोणाला उभे करायचे, कोणाला परत पाठवायचे, हेही तोच ठरवी. ज्याला टोळीवाला ओळखतो तो कामगार, ज्याला ओळखत नाही तो कोणीच नाही. कोकणातून, घाटावरून पोट घेऊन मुंबईत आलेल्या आपल्या कित्येक पूर्वजांनी गोदीच्या फाटकाबाहेर असे दिवस काढलेले आहेत. गावात बलुत्याची वही पाटलाकडे आणि शहरात हजेरीची वही टोळीवाल्याकडे. दोन्हीकडे आपले नाव दुसऱ्याच्या मर्जीवर.

ही पद्धत घातक आहे, हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. शाही मजूर आयोगाने, म्हणजे व्हिटले आयोगाने, १९३१ सालच्या अहवालातच गोदी कामगारांची नोंदणी करून त्यांचा हंगामीपणा संपवावा अशी शिफारस केली होती. बोटींवर माल चढवताना-उतरवताना मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९३४ साली हिंदी गोदी मजूर कायदाही संमत झाला होता. वाचकहो, तो अमलात कधी आला? १९४८ साली! चौदा वर्षे हा कायदा कायद्याच्या पुस्तकात झोपून होता. 'फोर्ट स्टिकिन' फुटली त्या दिवशी गोदीतल्या मजुराच्या रक्षणासाठी देशात कायदा होता आणि नव्हताही.

कोणते नियम सुटले, कोणते आवळले?

युद्ध आले की सरकार निर्बंध घालते. सर्वसाधारण समजूत अशी की, हे निर्बंध सर्वांवर सारखेच असतात. मुंबई बंदराचा अनुभव वेगळे सांगतो.

शांततेच्या काळात दारूगोळ्याची बोट थेट गोदीत आणण्यास मनाई होती. तिने बाहेर खाडीत नांगरून पडावात माल उतरवावा, असा नियम होता. युद्धात तो शिथिल झाला. स्फोटके असलेल्या बोटीवर धोक्याचा लाल बावटा लावण्याची रीत होती. 'फोर्ट स्टिकिन'वर तो बावटा नव्हता. शेजारच्या धक्क्यावर काम करणाऱ्या मजुराला आपण कशाशेजारी उभे आहोत, हे कळण्याचा मार्गच बंद झाला. गुप्तता शत्रूपासून राखायची होती, पण अंधारात राहिला तो मजूर.

दुसऱ्या बाजूने काय झाले? १९४१ च्या अत्यावश्यक सेवा वटहुकमाने परवानगीवाचून काम सोडणे हा गुन्हा ठरवला. भारत संरक्षण नियमांतील ८१-अ या नियमाने १९४२ पासून संपावर बंधने घातली. १९४० च्या वटहुकमाने कुशल कारागिराला सरकार सांगेल त्या युद्धकारखान्यात काम करणे भाग पाडता येऊ लागले. थोडक्यात, मजुराचे रक्षण करणारे नियम सुटले आणि मजुराला बांधणारे नियम आवळले. युद्ध एकच, बंदर एकच, पण निर्बंधांचा काटा दर वेळी एकाच दिशेला झुकला.

आणि बातमीचे काय? स्फोटाची खबर जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी दिली. आपल्या देशातील वर्तमानपत्रांना मात्र सेन्सॉरमुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती छापता आली नाही. ज्याचा नवरा, ज्याचा बाप त्या दुपारी घरी परतला नाही, त्याच्या घरच्यांनी महिनाभर कोणता कागद धरून विचारपूस करायची? सरकारने त्याच साली स्फोटाच्या नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम काढला. परंतु भरपाई मागायला पुरावा लागतो. व्यापाऱ्याकडे विमापत्र होते, गोदामाची पावती होती. रोजंदारीवरील मजुराची साक्ष देणारा टोळीवालाच जर त्या आगीत गेला असेल, तर तो मजूर त्या दिवशी गोदीत होता हे सिद्ध कसे करायचे? आम्ही कामगारांच्या वतीने न्यायालयात उभे राहतो तेव्हा समोरचा वकील पहिला प्रश्न आजही हाच विचारतो, 'हा आमच्याकडे कामाला होता याला पुरावा काय?'

जहाजे बांधायची कोणी?

याच युद्धाचा आणखी एक पैलू आहे. 'फोर्ट स्टिकिन' ही बोट १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रुपर्ट या गावी बांधलेली होती. बोटींचा तुटवडा पडला म्हणून ब्रिटनसाठी कॅनडात अशा बोटी भराभर बांधल्या गेल्या. मग मुंबईत का नाही? मुंबईला जहाजबांधणी येत नव्हती काय? १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. कसब होते, पण मक्ता साहेबाचा होता. नेपोलियनच्या युद्धात इंग्रजांना खलाशांचा तुटवडा होता, तेव्हा हिंदी खलाशी चालत होते. युद्ध संपत आले तशी पार्लमेंटने १८१४-१५ च्या कायद्यांनी हिंदी खलाशी हा ब्रिटिश खलाशी समजला जाणार नाही असे ठरवले. गरज असेतोवर माणूस, गरज सरली की परका. गावकुसाबाहेरच्या समाजाला हा न्याय नवा नाही.

दुसऱ्या महायुद्धातही धोरण तेच राहिले. मुंबईच्या गोद्यांकडे मुख्यतः दुरुस्ती, डागडुजी आणि लहान नौका बांधण्याचे काम आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीने स्वदेशी जहाजकारखान्याचा आग्रह धरला. अखेर विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. दहा महिन्यांच्या आत, ६ एप्रिल १९४२ रोजी, त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. कारखान्याचे पहिले मोठे जहाज 'जलउषा' पाण्यात उतरले ते १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते. म्हणजे युद्धाच्या सहा वर्षांत, जेव्हा जगाला जहाजांची सर्वाधिक गरज होती, तेव्हा या देशात समुद्रपार जाणारे एकही मोठे मालवाहू जहाज त्या कारखान्यातून बाहेर पडू शकले नाही.

भांडवलदारांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला, तो रास्तच होता. राष्ट्रीय इतिहासात त्यांना जागाही मिळाली. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधियाची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून निघाली, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. आमचे म्हणणे एवढेच की, जहाजाच्या मालकाला स्वातंत्र्य मिळाले म्हणजे जहाजावरच्या आणि धक्क्यावरच्या मजुराला ते आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा लढा लागतो.

मजूरमंत्री बाबासाहेब

येथे काही मंडळी एक आक्षेप घेतात. युद्धकाळातील हे वटहुकूम राबवणाऱ्या सरकारात खुद्द आंबेडकरच मजूरमंत्री होते, असे ते म्हणतात. या आक्षेपाला बगल देण्याचे आम्हांला कारण नाही. होय, ते होते. नाझी आणि जपानी सत्ता जिंकल्या तर कष्टकऱ्यांना कोणतेच भवितव्य उरणार नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. खाणींत स्त्रियांना जमिनीखाली उतरवण्यावरील बंदी १९४३ साली कोळशाच्या टंचाईपायी उठवली गेली, तेव्हा त्याचे उत्तर कायदेमंडळात त्यांनाच द्यावे लागले. ती बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. सत्तेत बसून काम करणाऱ्याला असे कडू घोट घ्यावे लागतात, हे आम्ही मान्य करतो.

पण त्याच खुर्चीवर बसून त्यांनी काय उभे केले, तेही पाहिले पाहिजे. युद्धात जखमी होणाऱ्या कामगाराच्या भरपाईसाठी मालकांना विमा सक्तीचा करणारे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडून संमत करून घेतले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात रुजली. कामगार संघटनांना मालकांनी मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी मांडले. आणि स्फोटाच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्यांच्या खात्याने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. या समितीने गावोगावच्या धंद्यांतील मजुरांची पाहणी केली. त्यात बंदरांतील मजुरांची स्वतंत्र पाहणी होती. मजुराची मजुरी किती, तास किती, मुकादम किती खातो, हे प्रथमच एवढ्या तपशिलाने कागदावर आले.

मग १९४८ साली गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला. तोवर बाबासाहेब मजूरखात्यात नव्हते आणि प्रत्येक कायदा त्यांच्या नावावर लावण्याची आम्हांला हौसही नाही. व्हिटले आयोगाची शिफारस, रेगे समितीची पाहणी आणि गोदीतल्या युनियनचे लढे, या सर्वांतून तो कायदा आला. १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. मजुराचे नाव नोंदवहीत चढले, त्याला हजेरीकार्ड मिळाले, काम नसलेल्या दिवसाचाही हिशेब सुरू झाला. टोळीवाल्याची वही बंद झाली. पी. डिमेलो या गोदी कामगार नेत्याचे नाव बंदरालगतच्या रस्त्याला आहे, ते उगीच नाही. याच धर्तीवर पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या डोक्यावरील ओझ्याला कायद्याचे नाव मिळाले.

एका नोंदवहीची ही ताकद आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे कोणत्याच वहीत माणूस म्हणून स्थान नव्हते, त्याला ती अधिक समजते.

आज काय?

आज प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही जुन्या गोद्या भरणी घालून बुजवल्या गेल्या आहेत. कंटेनर आले, क्रेन आल्या, आणि मजुरी पुन्हा कंत्राटदाराच्या हाती गेली. मोठ्या बंदरांत १९४८ चा कायदा लागू नसावा यासाठी १९९७ साली वेगळा कायदाच झाला. १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कायदे एकत्र करण्याला आमचा तात्त्विक विरोध नाही. पण १९३४ च्या कायद्याचे काय झाले, हे आम्ही विसरू शकत नाही. नियम, तपासणी अधिकारी आणि मजुराच्या हातात कागद, या तीन गोष्टी नसतील तर कायदा चौदा वर्षे झोपू शकतो.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. युद्धासाठी ठेवलेल्या तरतुदी शांततेच्या काळात वापरण्याचा मोह सरकारांना होतो. कारखाने कायद्याच्या कलम ५ मध्ये 'सार्वजनिक आणीबाणी'त सूट देण्याचा अधिकार होता. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात येणे, अशी त्याची व्याख्या होती. २०२० च्या टाळेबंदीत गुजरात सरकारने याच कलमाचा आधार घेऊन बारा तासांचे काम आणि दुप्पट ओव्हरटाइमला फाटा, असे आदेश काढले. गुजरात मजदूर सभेने त्यास आव्हान दिले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द ठरवले. महामारीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे या कलमातील आणीबाणी नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९४४ मध्ये जे वटहुकमाने विनातक्रार चालले, ते २०२० मध्ये चालले नाही. या दोहोंमध्ये भारतीय संविधान उभे आहे. पण संविधान आपणहून न्यायालयात जात नाही. कोणा संघटनेला ते हातात घेऊन जावे लागते.

म्हणून आमची दोन साधी आवाहने आहेत. पहिले, यंदाच्या भीमजयंतीला मुंबईच्या गोदी परिसरातील, माझगाव, डोंगरी, शिवडीच्या वस्त्यांमधील मंडळांनी मिरवणुकीआधी दोन मिनिटे थांबावे. अग्निशमन जवानांबरोबरच १९४४ च्या त्या अनाम मजुरांसाठीही एक मेणबत्ती लावावी. घरात कोणाचे आजोबा-पणजोबा त्या दिवशी गोदीतून परतले नसतील, तर ती आठवण लिहून काढावी. मशीद बंदरच्या खलाशी निवासात युद्धात गेलेल्या हजारो हिंदी खलाशांची नावे नोंदवहीत जपलेली आहेत. धक्क्यावरच्या मजुरांची तशी वही आपण का करू नये?

दुसरे, आपल्या वस्तीतला जो कोणी आज कंत्राटदाराकडे राबतो, मग तो बंदरात असो, दारूखान्यात जुन्या बोटी तोडत असो की गोदामात, त्याला विचारा, 'तुझ्या नावाचा कागद आहे काय?' नियुक्तीपत्र, हजेरी, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. नसेल तर मागायला लावा. एकट्याला मागता येत नसेल तर चौघांनी मिळून मागा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या मंत्राची सुरुवात कधी कधी एका हजेरीकार्डापासून होते.

१९१७ साली बाबासाहेबांची पुस्तके बुडाली, तेव्हा त्यांच्या भरपाईला नोंदीचा आधार होता. त्यांच्या समाजातला मजूर मात्र आजही कित्येक ठिकाणी नोंदीवाचून बुडतो आहे. ही नोंद करून घेणे, हेच बाबासाहेबांना आपले खरे जयंतीचे अभिवादन ठरेल.

जयभीम!